‘जर–तर’ उलटे होते तेव्हा : तर्कशास्त्राची तोंडओळख आणि काही तर्कदोष

उंबरठा (धागाकर्ता)

चर्चेत समोरच्याला ‘हा तर्कदोष आहे’ असे सुनावणे आता फार सोपे झाले आहे, कारण तर्कदोषांच्या नावांच्या याद्या कुठेही मिळतात. अडचण अशी की नाव ठाऊक असले म्हणजे दोष दिसतोच असे नाही, आणि नाव घेतले म्हणजे तो सिद्ध झाला असे तर मुळीच नाही. म्हणून नावे तूर्त बाजूला ठेवून आधी युक्तिवाद कसा उकलून पाहायचा ते मांडतो आणि मग एकाच चुकीपाशी, म्हणजे ‘जर–तर’ उलटे वाचण्यापाशी, जास्त वेळ थांबतो. आपल्या रोजच्या तर्कातल्या बहुतेक चुका ही या एकाच चुकीची वेषांतरे आहेत, असे माझे मत आहे. ते पटत नसल्यास जरूर खोडून काढावे.

तर्कशास्त्रात युक्तिवाद म्हणजे काही आधारविधाने आणि त्यांच्या बळावर काढलेला निष्कर्ष. त्याला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. आधारविधाने खरी आहेत का, हा पहिला. ती खरी मानली तर निष्कर्ष खोटा असणे अशक्य आहे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर युक्तिवाद वैध, मग आधारविधाने कशीही असोत. ‘सर्व मासे उडतात; देवमासा मासा आहे; म्हणून देवमासा उडतो’ हा युक्तिवाद वैध आहे. त्यातले एकही विधान खरे नाही (नावात मासा असला तरी देवमासा सस्तन प्राणी आहे), पण रचनेत खोट नाही. आता हे पाहा: ‘काही सस्तन प्राणी समुद्रात राहतात, देवमासा सस्तन प्राणी आहे, म्हणून देवमासा समुद्रात राहतो.’ तिन्ही विधाने खरी आहेत, तरीही युक्तिवाद मोडका आहे. देवमाशाच्या जागी हत्ती ठेवून तोच युक्तिवाद पुन्हा वाचा, म्हणजे मोड कुठे आहे ते दिसेल. रचना तीच ठेवून शब्द बदलायचे आणि खऱ्या आधारविधानांतून खोटा निष्कर्ष बाहेर पडतो का ते पाहायचे, ही युक्ती ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४ ते ३२२) पद्धतशीरपणे वापरली होती, आणि आजही हाताशी ठेवावे असे याहून चांगले हत्यार मला माहीत नाही.

आता ‘जर–तर’कडे येऊ. ‘जर पाऊस पडला तर रस्ता ओला होतो’ या विधानात ‘जर’च्या पुढचा भाग पूर्वांग आणि ‘तर’च्या पुढचा भाग उत्तरांग. पाऊस पडला, म्हणून रस्ता ओला असणार, हे अनुमान वैध आहे. रस्ता कोरडा आहे, म्हणून पाऊस पडलेला नाही, हेही वैध आहे, फक्त ते सुचायला क्षणभर जास्त लागतो. पण रस्ता ओला आहे म्हणून पाऊस पडला असणार, असे म्हटले की आपण घसरलो, कारण जलवाहिनी फुटली असेल किंवा कोणी रस्ता धुतला असेल. पाऊस पडला नाही म्हणून रस्ता ओला नसणार, हे त्याच घसरणीचे दुसरे तोंड आहे. मूळ विधानाने पाऊस पडल्यावर काय होते एवढेच सांगितले होते. ओल्या रस्त्याची इतर सगळी कारणे त्याने नाकारलेली नव्हती.

हे वाचून ‘यात काय विशेष’ असे वाटत असेल तर एक कोडे देतो. मेजावर चार कार्डे आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. समोर दिसणाऱ्या बाजूंवर अ, क, ४ आणि ७ आहेत. नियम असा सांगितला आहे: ‘कार्डाच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.’ हा नियम या चार कार्डांपुरता पाळला गेला आहे की नाही हे ठरवण्यासाठी कमीत कमी कोणती कार्डे उलटून पाहावी लागतील? कृपया आधी उत्तर लिहावे आणि मग खालचे प्रतिसाद वाचावेत.

पाटीपेन्सिल

अ आणि ४. नियम स्वरांचा आणि सम अंकांचा आहे, तेव्हा तीच दोन कार्डे पाहायला हवीत.

शब्दकीस

उत्तर नंतर देतो, आधी एक दुरुस्ती. ‘क’ या अक्षरात ‘अ’ हा स्वर आहेच, त्यामुळे आपल्या कोड्यात एकही कार्ड व्यंजनाचे उरत नाही. कार्डावर ‘क्’ लिहावे, म्हणजे वाद मिटेल.

उंबरठा (धागाकर्ता)

शब्दकीस, दुरुस्ती मान्य. रोमन लिपीतले कोडे देवनागरीत आणताना पाय मोडायचा राहिला. यापुढे ‘क्’ समजावे.

पाटीपेन्सिल, तुमचे उत्तर चुकले आहे, पण त्याचे वाईट वाटून घेऊ नका. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये हे कोडे मांडले, आणि त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत दहांपैकी एकालाही धड उत्तर आले नव्हते. मीही पहिल्यांदा अ आणि ४ हीच कार्डे उचलली होती, तीही मोठ्या आत्मविश्वासाने.

एकेक कार्ड पाहू. अ उलटणे भाग आहे, कारण मागे विषम अंक निघाला तर नियम मोडला. क् उलटण्याची गरज नाही, कारण व्यंजनामागे काय असावे याबद्दल नियम काहीच बोलत नाही. ४ च्या मागे स्वर निघाला तर नियम पाळला गेला, आणि व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, म्हणजे ते कार्ड उलटून काहीच कळत नाही. उरले ७. त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम तिथल्या तिथे संपला. म्हणून उत्तर अ आणि ७. ४ उचलणारा माणूस ‘स्वर असेल तर सम’ हे ‘सम असेल तर स्वर’ असे वाचतो, आणि ७ सोडणारा माणूस कोरडा रस्ता पाहून पाऊस पडला नाही हे ओळखण्याची संधी सोडतो.

शब्दकीस

उकल पटली, पण कारणमीमांसा मला वेगळी वाटते. आपण उलटे वाचतो हे खरे, पण तो मूर्खपणा नव्हे, भाषेची सवय आहे. मराठीत ‘तर’ आणि ‘तरच’ यांत एका ‘च’चा फरक आहे, आणि बोलताना तो ‘च’ आपण सर्रास गिळतो. ‘अभ्यास संपवलास तर खेळायला जाशील’ असे आई म्हणते तेव्हा अभ्यास न संपवताही खेळायला जाता येईल असे कोणतेही मूल समजत नाही. शब्द ‘तर’ आहे, अर्थ ‘तरच’ आहे, आणि दोघांनाही तो कळलेला आहे. ही सवय घेऊन माणूस कोड्यापाशी येतो आणि फसतो.

याला बळ देणारी एक गोष्ट आहे. ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ मध्ये हेच कोडे वेगळ्या वेषात दिले. नियम असा होता की एखादी व्यक्ती मद्य घेत असेल तर तिचे वय १९ वर्षांपेक्षा जास्त असले पाहिजे. कार्डांवर पेये आणि वये होती आणि नियम मोडणारे शोधायचे होते. रचना अक्षरशः तीच, तरी सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बरोबर उत्तर दिले. मद्य घेणारा कोण आणि वयाने लहान कोण हे तपासायचे, हे सांगावे लागले नाही. म्हणजे तर्क येत नाही असे नव्हे. कोऱ्या चिन्हांवर तो चालवायची सवय नाही, एवढेच.

जुनीवही

धागाकर्त्यांनी ॲरिस्टॉटलपासून सुरुवात केली ती योग्यच, पण मराठीत या विषयावर बोलताना जी परिभाषा आपण नकळत वापरतो ती न्यायदर्शनातून, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातून, आलेली आहे, तेव्हा तिकडेही पाहावे. ‘हेत्वाभास’ हा शब्दच घ्या. जो हेतू नाही पण हेतूसारखा भासतो, तो हेत्वाभास. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत. यातला साध्यसम म्हणजे जे सिद्ध करायचे आहे त्याच्याइतकाच असिद्ध असलेला हेतू पुढे करणे.

उलट्या ‘जर–तर’चे उत्तम उदाहरणही त्याच परंपरेत आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे सर्वांना माहीत असलेले अनुमान ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी’ या व्याप्तीवर उभे आहे. आता कोणी ते फिरवून ‘अग्नी आहे म्हणून धूर असणार’ असे म्हणाला तर नैयायिक त्याच्यापुढे लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा ठेवतो. अग्नी आहे, धूर नाही. मग तो विचारतो की अग्नीबरोबर धूर केव्हा दिसतो? इंधन ओले असेल तेव्हा. ओले इंधन ही इथली उपाधी, म्हणजे न बोललेली अट. युक्तिवादात दडलेली अट शोधून ती उघड्यावर आणणे, हे काम मला कोणत्याही तर्कदोषाचे नाव पाठ करण्यापेक्षा मोलाचे वाटते.

छलाचा, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दांना भलताच अर्थ चिकटवून त्याला खोडण्याचा, एक नमुना सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘नवकंबल’ म्हणजे ज्याच्याकडे नवे कांबळे आहे असा मुलगा. बोलणाऱ्याचा अर्थ ‘नवे’ असा असताना ऐकणारा ‘नव’ म्हणजे नऊ असे धरतो आणि ‘याच्याकडे तर एकच कांबळे दिसते, बाकीची आठ कुठे आहेत?’ असे विचारतो. हा वाक्छल. हसू येते खरे, पण ‘स्वातंत्र्य’, ‘नैसर्गिक’, ‘समान’ असे शब्द एका परिच्छेदात एका अर्थाने आणि पुढच्या परिच्छेदात दुसऱ्या अर्थाने वापरले जातात तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या ते लक्षात येते?

जाता जाता एवढेच की न्यायदर्शनात सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, जिंकण्यासाठी केलेली ती जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत बसणे म्हणजे वितंडा. आंतरजालावरच्या उपद्रवी मंडळींना मराठीत ‘जल्पक’ म्हणण्याची रीत पडली आहे, पण त्यातले बरेच जण खरे तर वितंडेत मोडतात.

चाचपणी

उलटे वाचण्याची सर्वांत महाग पडणारी जागा म्हणजे वैद्यकीय चाचण्या, म्हणून ती आकड्यांनी दाखवतो. समजा, एखादा रोग १००० माणसांत एकाला आहे. त्याची चाचणी अशी आहे की रोग असेल तर ती नेहमी होकारार्थी येते, आणि रोग नसलेल्यांपैकी ५ टक्के लोकांच्या बाबतीत ती चुकून होकारार्थी येते. एका माणसाची चाचणी होकारार्थी आली आणि त्याच्याबद्दल दुसरी काहीच माहिती नाही. त्याला रोग असण्याची शक्यता किती?

अनेकांच्या तोंडून ९५ टक्के हे उत्तर निघते. आता १००० माणसे डोळ्यांसमोर उभी करा. त्यांतल्या एकाला रोग आहे आणि त्याची चाचणी होकारार्थी आली. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० जणांची चाचणीही होकारार्थी आली. होकारार्थी निकाल हाती घेऊन बसलेली ही एकूण ५१ माणसे, आणि त्यांत रोगी एक. शक्यता जेमतेम २ टक्के. ‘रोग असेल तर चाचणी होकारार्थी’ या खऱ्या विधानावरून ‘चाचणी होकारार्थी असेल तर रोग’ असे आपण वाचतो, आणि निरोगी माणसे मुळातच किती जास्त आहेत हे विसरतो. त्या माणसाला लक्षणे असतील तर गणित अर्थातच बदलेल, कारण मग तो १००० सरसकट माणसांतला एक राहत नाही.

दुर्बीण

धागाकर्त्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारतो. उत्तरांगावरून पूर्वांगाकडे जाणे चूक असेल तर विज्ञान चालते कसे? ‘सिद्धांत खरा असेल तर अमुक दिसेल; ते दिसले; म्हणून सिद्धांत खरा’, ही रचना ओल्या रस्त्यावरून पावसाकडे जाण्याचीच आहे.

युरेनस गणिताने ठरलेल्या वाटेवरून थोडा सरकत होता. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण बरोबर असेल आणि पलीकडे आणखी एक ग्रह असेल तर असेच दिसेल, असे ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने मांडले आणि त्या ग्रहाची जागाही काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने दुर्बीण लावली तेव्हा सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही असाच हिशेब न लागणारा फरक दिसला. १८५९ मध्ये ल व्हेरिएने तोच तर्क पुन्हा लढवला: सूर्याजवळ आणखी काही वस्तुमान असले पाहिजे. त्या न दिसलेल्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले आणि काही जणांनी तो पाहिल्याचे सांगितले, पण व्हल्कन नव्हताच. शतकाला सुमारे ४३ विकलांच्या (विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) त्या फरकाचा उलगडा १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेने झाला.

माणूस तोच आणि तर्काची रचनाही तीच, तरी एकदा ग्रह मिळाला आणि एकदा चकवा. मग या रचनेला नुसते ‘चूक’ म्हणून कसे भागेल? शिवाय आपण वैध म्हणून सांगितलेली दुसरी वाटही इथे सरळ नाही. युरेनस ठरल्या जागी नव्हता, म्हणजे उत्तरांग खोटे ठरले होते. त्यावरून न्यूटनला नाकारणे ‘वैध’ झाले असते का?

उंबरठा (धागाकर्ता)

दुर्बीण, प्रश्न रास्त आहे. मी फक्त निगामी तर्काबद्दल बोललो, जिथे निष्कर्ष अटळ असावा लागतो. विगामी तर्कात निष्कर्षाचे वजन वाढते किंवा घटते, तो अटळ होत नाही. ओला रस्ता पाहून पावसाची शक्यता वाढतेच. किती वाढते हे रस्ता ओला होण्याची इतर कारणे किती संभवनीय आहेत यावर ठरते. नेपच्यून नेमक्या जागी सापडणे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने घडणे फार अवघड होते, म्हणून त्या पुराव्याला इतके वजन आले.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल असे की उत्तरांग खोटे ठरले तेव्हा पूर्वांग खोटे ठरलेच, पण ते पूर्वांग एकट्या न्यूटनचे नव्हते. ‘गुरुत्वाकर्षणाचा नियम बरोबर आहे आणि पलीकडे दुसरा ग्रह नाही’ अशी ती जोडी होती. रचना एवढेच सांगते की जोडीतले काहीतरी खोटे आहे. काय ते सांगत नाही. युरेनसच्या वेळी दुसरे खोटे निघाले आणि बुधाच्या वेळी पहिले.

शंकेखोर

आता मूळ दाव्याकडे वळतो. ‘बहुतेक चुका म्हणजे उलटे जर–तर’ हे धागाकर्त्यांचे विधान मला मान्य नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकत्र शिजलेला असतो. आपण मात्र शिते वेचून आणली आहेत.

‘साप म्हणून भुई धोपटणे’ घ्या. समोरचा म्हणतो की या नियमात एक सुधारणा हवी, आणि आपण ‘सगळे नियमच रद्द करा असे हे म्हणतात’ असे ठरवून त्यावर तुटून पडतो. यात उलटे काहीच नाही. विधानच बदलले आहे. चक्राकार युक्तिवाद तर वैधच असतो! ‘हा माणूस खरे बोलतो, कारण तो स्वतःच तसे म्हणतो, आणि तो खोटे बोलत नाही’ यात निष्कर्ष आधारविधानांतच बसलेला आहे, म्हणून तो निघणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की कावळ्याला दोष देणे, हा काकतालीय प्रकारही वेगळा. आणि जुगाऱ्याचा तर्कदोष कुठे बसवणार? १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या जुगारघरात चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून लोक पैसे लावत गेले, असे सांगितले जाते. चक्राला मागचे काही आठवत नसते. ३७ घरांत १८ काळी असतील तर सव्विसाव्या वेळीही काळ्याची शक्यता १८/३७ च.

व्यक्तीवर घसरण्याच्या दोषाबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. प्रत्येक वैयक्तिक शेरा तर्कदोष नसतो. एखाद्याची साक्ष हाच पुरावा असेल तर तो पूर्वी खोटे बोलला होता का, हे विचारणे अगदी मुद्द्याला धरून आहे. तो युक्तिवाद मांडत असेल तर मात्र त्याच्या चारित्र्याचा संबंध संपतो, कारण युक्तिवाद कोणीही मांडला तरी तोच राहतो. आणखी एक खोड इथे सर्रास दिसते: युक्तिवादात दोष सापडला की निष्कर्षच खोटा ठरला असे मानणे. धागाकर्त्यांच्या देवमाशाचा युक्तिवाद मोडका होता, तरी देवमासा समुद्रातच राहतो.

उंबरठा (धागाकर्ता)

शंकेखोर, ‘बहुतेक’ हा शब्द मागे घेतो. काकतालीय प्रकाराला ‘कारण असेल तर आधी घडते’ याचे उलटे वाचन म्हणता येईल असे मी लिहिणार होतो, पण मग प्रत्येक चूक ओढून ताणून एकाच खुंटीला बांधता येईल आणि त्याला काही अर्थ उरणार नाही. चक्राकार युक्तिवाद वैध असतो हे तर मीच वर सांगायला हवे होते.

पाटीपेन्सिल

इतके वाचल्यावर मी माझ्याच चुकीकडे परत गेलो. शब्दकीस म्हणतात की आपण ‘तर’ला ‘तरच’ समजतो. तसे करून पाहिले. ‘स्वर असेल तरच सम अंक असतो’ असा नियम असेल तर सम अंकामागे व्यंजन नको, म्हणजे ४ आणि क् उलटावी लागतील. ‘तर आणि तरच’ असा दुहेरी अर्थ घेतला तर चारही कार्डे उलटावी लागतील. मी उचलली होती अ आणि ४. हे उत्तर कोणत्याच अर्थाने बरोबर ठरत नाही! मग मी नेमके काय वाचले होते?

शब्दकीस

हे मला सुचले नव्हते. माझे स्पष्टीकरण तुमच्या उत्तरापुरते तरी लागू पडत नाही, हे कबूल.

उंबरठा (धागाकर्ता)

पाटीपेन्सिल, म्हणजे ‘सम असेल तर स्वर’ हे मी वर तुमच्या माथी मारलेले वाचनही अपुरे ठरले, कारण तसे वाचले असते तर क् सुटले नसते. जोनाथन एव्हान्स या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात यावर काम केले आहे. त्याचे म्हणणे असे की अनेक जण नियम उलटा किंवा सुलटा वाचतच नाहीत. नियमात ज्यांचा उल्लेख आहे तीच कार्डे उचलतात. नियमात ‘स्वर’ आणि ‘सम’ हे शब्द होते, तुम्ही अ आणि ४ उचललीत, आणि कारणही तेच लिहिलेत: ‘नियम स्वरांचा आणि सम अंकांचा आहे’. याची परीक्षा ‘नाही’ घालून घेता येते. नियम असा करा: ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक नसतो.’ नियम मोडायला आता स्वर आणि सम अंक एकत्र यावे लागतात, म्हणून उलटायची कार्डे होतात अ आणि ४. असा नकार घातला की बरोबर उत्तरे देणारे एकदम वाढतात, तेही तर्क न सुधारता.